बुद्ध्यंकाचा कागद आणि तो लिहिणारा माणूस



सरकारी रुग्णालयातून मिळालेला एक कागद आपल्या अनेक घरांत लोखंडी पेटीत, रेशनकार्डाच्या खाली जपून ठेवलेला असतो. त्यावर मुलाचे नाव, वय, दोन-तीन इंग्रजी अक्षरे आणि एक आकडा असतो. ५२. ३८. ६४. त्या आकड्यावरून घरात पुढची कित्येक वर्षे निर्णय होतात. ५२ आला म्हणून शाळा बंद केली. ३८ आला म्हणून मुलीला घरातच बसवून ठेवले. ६४ आला तेव्हा मामा म्हणाला, ‘‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल.’’ हा कागद कोणी लिहिला, लिहिणारा काय शिकून आला आणि त्याने आणखी काय सांगायला हवे होते, हे मात्र कोणी विचारत नाही. आज आपण तेवढेच विचारू.

आधी शब्दांचा घोळ मिटवून घेऊ. पूर्वी या मुलांना मतिमंद म्हणत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आता ‘बौद्धिक अक्षमता’ असा शब्द आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी अशा, वाढीच्या वयातच दिसू लागणाऱ्या अडचणींना मिळून विकासात्मक अक्षमता म्हणतात. हा वेडेपणा नव्हे. मानसिक आजार धडधाकट माणसाला मध्येच होतो, औषधाने बरा होतो किंवा आटोक्यात राहतो. बौद्धिक अक्षमता ही लहानपणापासूनची स्थिती असते, ती गोळीने जात नाही आणि अंगाऱ्याने तर नाहीच नाही. काही थोड्या कारणांवर मात्र वेळेत इलाज होतो. जन्मतः थायरॉईड कमी असेल तर पहिल्या आठवड्यांतच औषध सुरू केल्याने पुढचे मोठे नुकसान टळते. म्हणून तान्ह्या बाळाची ती रक्ततपासणी झाली का, हे बाळंतपणाच्या दवाखान्यात विचारून घ्यावे. पण बहुतेक मुलांच्या बाबतीत खरा इलाज म्हणजे शिकवणे. कोणाला, काय, कसे शिकवायचे हे शोधून काढण्यासाठीच मानसशास्त्रज्ञ असतो.

रुग्णालयात पांढरा कोट दिसला की आपण सगळ्यांनाच डॉक्टर म्हणतो. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. करून पुढे मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, तो औषध लिहितो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, इंग्रजीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, हा मानसशास्त्र शिकलेला असतो. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, वागणूक बदलण्याचे आणि नवे शिकवण्याचे मार्ग आखतो. औषध लिहीत नाही. आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात बंगळूरला झाली. तेथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी हा अभ्यासक्रम सुरू झाला. १९७४ पासून ही संस्था निम्हान्स नावाने ओळखली जाते. नंतर रांचीला असाच अभ्यासक्रम निघाला. अनेक वर्षे एम.ए. नंतर दोन वर्षांचा एम.फिल. हाच या व्यवसायाचा मुख्य रस्ता राहिला. २०२२ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. पदवी बंद करायचे ठरवले, मात्र या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. तेव्हा पदव्यांची नावे बदलत आहेत. नावापेक्षा महत्त्वाची आहे नोंदणी. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. त्याप्रमाणे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याखेरीज कोणाला हे काम करता येत नाही, केल्यास शिक्षेची तरतूद आहे. दहा दिवसांचा कोर्स करून दुकान थाटलेले ‘कौन्सेलर’ हल्ली पुष्कळ झाले आहेत. पैसे मोजण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे मूल नेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. नोंदणी असलेल्या प्रत्येकाला आपल्या मुलांसोबत काम करण्याचा सारखाच सराव असतो का? नसतो. हे शिक्षण मुख्यतः मनोरुग्णालयाच्या अंगाने वाढले. विद्यार्थी वॉर्डात बसतो, नैराश्य, संशय, भास, व्यसन यांचे रुग्ण पाहतो. बौद्धिक अक्षमता हा अनेक विषयांतला एक विषय असतो. पुष्कळदा त्याचा अर्थ होतो प्रमाणपत्रासाठी आलेल्या रांगेतल्या मुलांची चाचणी घेऊन आकडा लिहिणे. मूल घरी जेवते कसे, चिडते केव्हा, कोणाचे ऐकते, हे पाहायला त्या विद्यार्थ्याला वेळ नसतो आणि वरिष्ठही ते मागत नाहीत. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण तीन वर्षांच्या डॉक्टरेटचे आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांसोबत, त्यांच्या घरी आणि निवासात जाऊन, ठरावीक महिने काम करणे हा तेथे वर्षानुवर्षे त्याचा नेमलेला भाग होता. आजही ते कौशल्य दाखवल्याशिवाय विद्यार्थी पुढे जात नाही. आपल्याकडे सिकंदराबादला १९८४ मध्ये या मुलांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिचे एक केंद्र नवी मुंबईत आहे. तेथे शिकलेल्यांची तयारी या कामात वेगळी दिसते. पण अशी माणसे थोडी, आणि जिल्ह्याच्या गावी तर शोधावीच लागतात. म्हणून आपणच थोडे जाणते व्हायला हवे.

या आकड्याचा इतिहास आपल्या वाचकांनी जरूर जाणून घ्यावा. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी पहिली बुद्धिमापन कसोटी केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना जादा मदत द्यावी, एवढाच त्यांचा हेतू. मुलाची बुद्धी जन्माची ठरून गेलेली असते, या समजुतीच्या बिने विरोधात होते. पण तीच कसोटी अमेरिकेत गेली आणि तिचा उपयोग उलटा झाला. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड येथील शाळेचे गोडार्ड यांनी ती इंग्रजीत आणली, आणि मंदबुद्धी ही रक्तातून, घराण्यातून येते असे पुस्तक लिहिले. १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक नावाच्या गरीब मुलीची सक्तीने नसबंदी करण्याला मान्यता दिली. कॅलिफोर्नियात पुढे काळ्या मुलांना बुद्ध्यंक चाचणीवरून मंद मुलांच्या वर्गात टाकले जात होते. पालक न्यायालयात गेले आणि १९७९ मध्ये न्यायाधीशांनी त्या चाचण्या त्या मुलांशी पक्षपात करतात असा निकाल दिला. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याचा खटाटोप आपल्याला नवा नाही, म्हणून या गोष्टी सांगितल्या.

आपल्या भाषेतही ही कसोटी लवकर आली. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात बिनेची कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. १९४० मध्ये त्यांचे त्यावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. बिने-कामत या नावाने ती आजही पुष्कळ रुग्णालयांत वापरली जाते. नागपुरात डॉ. मालिन यांनी वेक्सलरची मुलांची कसोटी भारतीय मुलांसाठी तयार केली. तिलाच मालिनची कसोटी म्हणतात. ही कामे मोठीच होत. पण ८०-९० वर्षांपूर्वी बेतलेले प्रश्न आजच्या मुलाला, त्यातही बोली वेगळी असलेल्या, बालवाडी न पाहिलेल्या मुलाला जसेच्या तसे लावले तर उत्तर चुकते आणि दोष मुलाच्या माथी जातो. (चाचणीतले प्रश्न येथे छापत नाही. पाठ करून गेले की चाचणी निकामी होते आणि नुकसान मुलाचेच.) चांगला शिकलेला मानसशास्त्रज्ञ म्हणूनच शब्दांच्या कसोटीसोबत हाताने करायची कसोटी घेतो. लाकडी पाटावरच्या खाचांत दहा आकार बसवायचे, चित्रे जुळवायची. मुलाला ऐकू येते का, चष्मा हवा का, हे आधी तपासून घेतो. आपल्या वस्तीत कानाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ‘मंद’ ठरलेली मुले कमी नाहीत. आणि तो अहवालात लिहितो, की मूल थकलेले होते, किंवा घाबरलेले होते, किंवा घरची भाषा वेगळी आहे. असे एक वाक्यही अहवालात नसेल, तर तो अहवाल अर्धा समजावा.

आकडा एकट्याने कधीच पुरेसा नसतो. बुद्ध्यंक साधारण ७० च्या खाली आहे एवढ्यावर बौद्धिक अक्षमता ठरत नाही. रोजच्या जगण्यात मूल काय करते, तेही मोजावे लागते आणि या अडचणी लहानपणापासूनच्या असाव्या लागतात. रोजच्या जगण्याची मोजणी करायला व्हाइनलँडच्याच शाळेत एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये सामाजिक परिपक्वतेची श्रेणी तयार केली. म्हणजे ज्या गावातून आकड्याचा दुरुपयोग सुरू झाला, तेथूनच त्यावरचा उतारा निघाला! तिचेही भारतीय रूप मालिन यांनीच केले. यात मुलाला प्रश्न नसतात, आईला असतात. स्वतः पाणी पितो का, बटणे लावतो का, रस्ता ओलांडतो का, पैसे ओळखतो का.

येथे आपल्या बायांची एक सवय नडते. आई म्हणते, ‘‘नाही हो, मीच भरवते.’’ मग लिहिले जाते, की मुलाला स्वतः जेवता येत नाही. खरे तर कामावर जायची घाई असते, तो सांडतो, म्हणून आई भरवते. त्याला जमते की नाही हे कोणी पाहिलेलेच नसते. काही घरांत उलटेही होते. प्रमाणपत्राची टक्केवारी वाढावी म्हणून येणारी गोष्टही येत नाही असे सांगतात. ४० टक्के किंवा अधिक अक्षमता असेल तर कायद्याच्या बहुतेक सवलती मिळतात, म्हणून हा मोह होतो. तो करू नये. त्याच कागदावरून पुढे शाळेत मुलाला काय शिकवायचे ते ठरते. ‘करत नाही’ आणि ‘करता येत नाही’ यांत फरक आहे, तो सांगताना तसाच सांगावा.

आता वागणुकीविषयी. आई-बाप मानसशास्त्रज्ञाकडे आकड्यासाठी क्वचितच जातात. ते जातात कारण पोरगा डोके भिंतीवर आपटतो, हाताला चावतो, लोकलमध्ये किंचाळतो, शेजारी तक्रार करतात. बाप दमून घरी येतो आणि दोन थोबाडीत देतो. कोणी म्हणते झोपेची गोळी द्या. या ठिकाणी मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण खरोखर कामाला येते.

१९८२ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या ९ मुलांचा अभ्यास केला. प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून पाहिले. एकदा एकटे, एकदा खेळणी देऊन, एकदा अवघड काम सांगून, एकदा असे की स्वतःला मारले की लगेच मोठे माणूस जवळ येऊन बोलते. बहुतेक मुलांत फरक स्पष्ट दिसला. कोणी काम टळावे म्हणून मारून घेत होते, कोणी माणूस जवळ यावे म्हणून, तर कोणी एकटे असताना. बाहेरून कृती एकच दिसत होती, पण आतले कारण प्रत्येकाचे वेगळे होते. तेव्हापासून या विषयातले शिक्षण बदलले. मुलाला ‘हट्टी’ म्हणून सोडून देणे हे अज्ञान ठरले. बोलता न येणारे मूल वागण्यातून काही सांगत असते, ते वाचायचे कसे हे विद्यार्थ्याला शिकवले जाऊ लागले.

हे वाचन घरीही करता येते, त्याला शंभर पानी वही पुरते. पानावर तीन रकाने आखा. आधी काय चालले होते, मुलाने काय केले, आणि त्यानंतर लगेच काय झाले. दोन आठवडे लिहा. समजा, १४ वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी स्वतःला चापट्या मारून घेतो. वहीत दिसते, की हे नेहमी सात ते आठमध्ये होते. घरात टीव्ही मोठ्याने, कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावर भांडण. आणि चापट्या मारल्या की ताई त्याला हात धरून गल्लीत फिरवून आणते. मग कळते, की त्याला आवाज सोसत नाही आणि बाहेर जायचे हे सांगायला त्याच्याजवळ दुसरे साधन नाही. इलाज असा, की चापट्या सुरू होण्याच्या आधीच त्याला बाहेर न्यायचे, आणि दाराकडे बोट दाखवले किंवा चपलेचे चित्र हातात दिले की लगेच न्यायचे. असे दुसरे ‘बोलणे’ शिकवल्यावर वागणूक कमी होते, हे १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी दाखवून दिले. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. जुन्या वागण्याला पूर्वीसारखे फळ मिळेनासे झाले की पहिले काही दिवस ते वाढते. तेव्हा घाबरून मागे फिरू नये. पण डोक्याला, डोळ्याला इजा होत असेल तर हे प्रयोग घरी न करता तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावेत.

आणि वही लिहिण्याच्याही आधी एक गोष्ट. कालपर्यंत शांत असलेले मूल अचानक मारून घेऊ लागले, जेवेना, झोपेना, तर प्रथम दात, कान, पोट तपासा. दाढ दुखते हे त्याला सांगता येत नाही. बद्धकोष्ठ, कानातला पू, मुलींच्या पाळीच्या वेदना, फिट येणे, कशानेही असे होते. मानसिक आजारही होतो. या मुलांना नैराश्य येते, भीती बसते, बाप वारला तर दुःख होते. तरीही डॉक्टर सर्रास म्हणतात, ‘‘तो तसाच आहे हो.’’ या चुकीला अभ्यासकांनी नावच दिले आहे. १९८२ मध्ये रीस आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांना एका घाबरलेल्या माणसाची हकिगत वाचायला दिली. काहींच्या कागदावर तो माणूस मतिमंद असल्याचे लिहिले होते. तेथे त्याची भीती हा आजार म्हणून फार कमी जणांच्या लक्षात आली. एका मोठ्या शिक्क्याच्या सावलीत बाकीचे सगळे झाकले जाते. शिकलेल्या माणसांचीही नजर अशी फसते, म्हणून ती शिक्षणातच सुधारावी लागते. ‘तो तसाच आहे’ असे कोणी म्हणाले तर आपण शांतपणे म्हणावे, ‘‘साहेब, तो महिन्यापूर्वी असा नव्हता.’’

शिकवण्याच्या तंत्राबद्दल आमच्या मैत्रिणी फार विचारतात, आणि ते आहे फार साधे. कोणतेही काम बारीक पायऱ्यांत तोडायचे. चड्डी घालणे हे आपल्याला एक काम वाटते. त्यात चड्डी सरळ धरणे, एक पाय, दुसरा पाय, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत अशा पायऱ्या असतात. सुरुवात शेवटून करायची. आईने सगळे करून द्यायचे, फक्त मांडीपासून कमरेपर्यंतची ओढ मुलाने द्यायची. झाले की शाबासकी. ते जमले की त्याच्या आधीची पायरी. यात प्रत्येक वेळी काम पूर्ण करण्याचा आनंद मुलालाच मिळतो, हे यातले मर्म. दात घासणे, भाकरी वाढून घेणे, बसचे सुटे पैसे मोजणे असेच शिकवतात. वेळ लागतो, महिनेही लागतात. रोज एकाच पद्धतीने, घरातल्या सगळ्यांनी तसेच शिकवायचे, हे त्याहून अवघड.

हे तंत्र एवढे सांगितले याला कारण आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये आपल्या महाराष्ट्रात जे घडले ते नव्या पिढीला ठाऊक नसेल. पुण्याजवळ शिरूर येथील शासकीय वसतिगृहातल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढून टाकण्यात आली. कारण दिले गेले, की पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता ठेवता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आता विचार करा. घडी घेणे, लावणे, ठरल्या वेळी बदलणे, कागदात गुंडाळून टाकणे, हात धुणे. या पायऱ्या आहेत आणि पायऱ्या शिकवता येतात. लाल रंगाचे तुकडे वापरून, बाहुलीवर दाखवून, आरशासमोर, आई किंवा मावशी सोबत असताना हे शिकवतात. कित्येक मुली ते पूर्णपणे शिकतात. ज्यांना पूर्ण जमत नाही त्यांना हाताशी बाई लागते, आणि बाई नेमणे हे वसतिगृहाचे कामच आहे. शिकवायला माणूस नव्हता म्हणून मुलींच्या पोटावर सुरी चालवली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज कायदा तरी आपल्या बाजूने आहे. २००९ मध्ये चंडीगढच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीच्याही इच्छेला तिच्या मातृत्वाच्या बाबतीत मान द्यावा लागेल. २०१६ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला मूल होऊ न देणारी शस्त्रक्रिया करता येत नाही. कोणी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका, कटकट नको’ असा सल्ला दिला तर हे कलम सांगा. आणि मुलीला आपल्या शरीराविषयी, कोणी कोठे हात लावू नये याविषयी शिकवा. तिला काही कळत नाही असे समजूनच हात लावणारे येतात. तेही पायरीपायरीने शिकवता येते, त्यासाठी मानसशास्त्रज्ञाची मदत मागा.

मदत कोठे मागायची? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतली मुले तपासली जातात आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या डी.ई.आय.सी. केंद्रात पाठवली जातात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत हे मोफत आहे. प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी कार्ड काढून घ्या. ४० टक्क्यांवर अक्षमता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा हवे तर विशेष शाळेत. मुंबईत शिवडीची जय वकील शाळा १९४४ पासून या मुलांसाठी काम करते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात निरामय ही आरोग्य विम्याची योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च त्यातून मिळू शकतो. मूल १८ वर्षांचे झाले की आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. घराच्या वाटणीचे वाद पुढे होतात तेव्हा या कागदाची आठवण येते, ती आधी यावी.

आपल्या वस्तीतली मुले-मुली आता मानसशास्त्र घेऊन बी.ए., एम.ए. होत आहेत. त्यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. पुढचे क्लिनिकल शिक्षण सरकारी संस्थेत झाले तर फी परवडते, राखीव जागा असतात, आणि शिष्यवृत्तीही मिळू शकते. प्रवेश परीक्षा अवघड आहे, तयारी लवकर सुरू करा. संस्था निवडताना विचारा, की बौद्धिक अक्षमतेच्या विभागात किती महिने काम मिळेल आणि घरी भेटी असतात का. पुष्कळ जण या विभागाला दुय्यम मानतात, बोलून उपचार करण्याला मान जास्त. तुम्ही मानू नका. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तेव्हा ‘मुलाला वेगळ्या शांत खोलीत बसवा’ हा सल्ला निरुपयोगी असतो. हे तुम्हाला कोणी शिकवावे लागणार नाही. तेथे गॅलरीचा कोपरा, पाण्याच्या पिंपामागची जागा, शेजारच्या आजीचे घर, असले उपाय तुम्हालाच सुचतील.

शेवटी चाचणीच्या दिवसाविषयी. मुलाला रात्री झोपू द्या, सकाळी पोटभर खाऊ घालून न्या. फिटच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद करू नका, फक्त नाव आणि वेळ सांगा. चष्मा, कानाचे यंत्र, जुने कागद, शाळेची वही सोबत घ्या. चाचणी झाल्यावर तीन गोष्टी मराठीत समजावून मागा. मुलाला आज काय येते? येत्या सहा महिन्यांत पहिले काय शिकवायचे? आणि पुन्हा तपासणीला केव्हा यायचे? अहवालाची प्रत मागा. पेटीतला कागद पाच वर्षांहून जुना असेल, मूल तेव्हा फार लहान असेल, किंवा चाचणी दहा मिनिटांत उरकली असेल, तर फेरतपासणीसाठी अर्ज करा. आणि मुलाला रोज सांभाळणारी मोठी बहीण असेल तर तिची एक दिवसाची शाळा बुडवून तिलाही न्या. तो काय काय करतो याची निम्मी उत्तरे आईला नाही, तिलाच ठाऊक असतात.